मागील सभेचे इतिवृत्त

कोणत्याही ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची विषयपत्रिका हाती घ्या. तिच्यातील विषय क्रमांक १ ठरलेला असतो : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ गाव कोणतेही असो, सत्ता कोणत्याही पक्षाची असो, या ओळीत बदल होत नाही. ग्रामसेवक उभा राहून एका सुरात वाचू लागतो. कुणी चहाची वाट पाहत असतो, कुणी शेजाऱ्याशी वाडीतल्या कामाबद्दल बोलत असतो, कुणी घड्याळाकडे नजर टाकतो. वाचन संपले की ‘कायम, कायम’ असे दोन-चार आवाज उठतात आणि सभा पुढच्या विषयांकडे वळते. सभेतील अत्यंत नीरस भाग म्हणून त्याची गणना होते. मला मात्र वयाबरोबर असे वाटू लागले आहे की, गावाच्या कारभारातील सर्वांत महत्त्वाचा विषय जर कोणता असेल, तर तो हाच.

आम्हा धर्मगुरूंना नोंदवहीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवणे हा धर्मग्रामाच्या कारभाराचा रोजचा भाग आहे. जुन्या वहीतील पिवळ्या पानावरची एक ओळ एखाद्या कुटुंबाचा वारसा सिद्ध करते, कुणाचा जन्म कुठला ते सांगते. पण आमच्या नोंदी घडून गेलेल्या घटनेच्या असतात. सभेच्या इतिवृत्ताचे तसे नाही. ती दिलेल्या शब्दाची नोंद असते. अमुक विहिरीचा गाळ काढू, तमुक आळीत दिवा लावू, या गटारावर फरशी टाकू, असे मागच्या सभेत जे बोलले गेले, ते बोलणाऱ्याच्या समोर पुन्हा वाचले जाते. त्याने शब्द पाळला असेल तर त्याची मान ताठ होते. नसेल तर निदान खाली जाते. गावाला स्मरणशक्ती असते ती अशी. ती गेली की प्रत्येक सभा जणू पहिलीच सभा होते आणि प्रत्येक आश्वासन नवेकोरे.

मी शाळेत असताना माझे वडील एक मुदत ग्रामपंचायतीचे सदस्य होते. व्यवसाय बागायतीचा, वाडीत केळी आणि पानवेल. सभेची नोटीस घेऊन पंचायतीचा शिपाई सायकलवरून येई, वडिलांची सही घेई आणि ओट्यावर पाणी पिऊन पुढच्या घरी जाई. रात्री रोझरीची प्रार्थना झाली की वडील चष्मा लावून ती नोटीस वाचत. मोठ्याने वाचण्याची त्यांची सवय असल्यामुळे ते विषय मलाही पाठ झाले होते. जमाखर्चास मंजुरी देणे. दिवाबत्तीच्या बिलास मंजुरी देणे. घरपट्टीच्या थकबाकीचा विचार करणे. कोंडवाड्याच्या भिंतीची दुरुस्ती करणे. शाळेच्या कौलांसाठी निविदा मागविणे. आलेल्या पत्रव्यवहाराचे वाचन करणे. त्यात ना कुठे देशाचे राजकारण, ना कुठे मोठी भाषा. आई म्हणायची, “कोंडवाड्याच्या भिंतीसाठी एवढी जाग्रणे!” वडील हसत आणि वाचत राहत.

पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘सार्वजनिक हित’ या संकल्पनेवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात मांडलेले सूत्र प्राध्यापकांनी फळ्यावर लिहिले होते : जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोंडवाड्याची भिंत उभी राहिली. ती कुणी बांधायची, कितीत बांधायची आणि पडली तर कुणाला विचारायचे, हे ठरविण्याचा हक्क ज्या गावाला आहे, ते गाव स्वतंत्र आहे, एवढाच त्या सूत्राचा व्यवहारातला अर्थ.

वसईला हा हक्क सहज मिळालेला नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत किल्ल्याच्या तटबंदीत एक नगरसभा भरत असे. तिला ते ‘कामारा’ म्हणत. त्या सभेत पोर्तुगीज रहिवाशांचे हितसंबंध पाहिले जात. तटाबाहेर भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि होडी हाकणाऱ्या कोळ्याला तेथे आसन नव्हते. ब्रिटिश अमदानीत, १८६४ साली, वसईत नगरपालिका आली. पण त्या काळी अशा संस्थांवर सरकारी अधिकाऱ्यांचाच वरचष्मा असे. लोकांनी निवडलेल्या माणसांनी स्थानिक कारभार पाहावा, या विचाराला खरी चालना मिळाली ती लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने. हे रिपनसाहेब १८७४ साली कॅथलिक झाले होते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. त्यांच्या ठरावातील युक्तिवाद आजही विचार करण्याजोगा आहे. लोकांच्या हाती कारभार दिल्याने तो लगेच अधिक चांगला होईल, असा दावा त्यांनी केला नाही. स्थानिक संस्था ही लोकशिक्षणाची शाळा आहे आणि त्या शिक्षणासाठी सुरुवातीच्या चुका सोसाव्या लागतील, अशी त्यांची भूमिका होती.

स्वातंत्र्यानंतर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला. १९९३ मध्ये घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. महिलांसाठी प्रथम एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. किल्ल्यातील कामारापासून शाळेच्या पडवीत भरणाऱ्या ग्रामसभेपर्यंतचा हा प्रवास साडेचारशे वर्षांचा आहे. गावातील प्रत्येक मतदार, मग तो बागायतदार असो की त्याच्या वाडीवर राबणारा मजूर, ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कुणी निवडून द्यावे लागत नाही. त्याने फक्त यावे लागते.

आणि येथेच आपली गोष्ट अडते. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी कायद्याने मागितलेली संख्या फार मोठी नाही : मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी असेल ती. तरीही कित्येक गावांत ती जमत नाही. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे गाव आले नाही तरी गावाच्या नावाने निर्णय होतात. हे माझ्या मनावर कायमचे कोरले गेले ते एका घटनेमुळे.

माझ्या गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, म्हणजे या शतकाच्या अगदी आरंभीची गोष्ट. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथील मतदारयादीत माझे नाव नुकतेच आले होते. म्हणून १ मेच्या ग्रामसभेला जाऊन मागच्या बाकावर बसलो. विषयपत्रिकेवर एक बावखल बुजवून तेथे सार्वजनिक सभागृह बांधण्याचा विषय होता.

बावखल म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगणे नको. पण सदनिकांत वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. आपला पश्चिमेचा पट्टा समुद्राच्या सोबतीने राहणारा. येथे पूर्वजांनी वाड्यांच्या मधोमध मोठाले खोलगट खड्डे खणले. पावसाचे पाणी त्यांत साठे, तेथून जमिनीत मुरे, आजूबाजूच्या विहिरींचे पाणी गोडे राही आणि समुद्राचे खारे पाणी मागे रेटले जाई. बागायतीला पाणी मिळे ते वेगळेच. शिवाय मुसळधार पावसात आळीतले पाणी धाव घेई ते बावखलाकडेच. कुणा अभियंत्याच्या सहीवाचून उभी राहिलेली ही जलव्यवस्था होती.

विषय वाचला गेला तेव्हा कुणी फारसे बोलले नाही. सभागृह सर्वांनाच हवे होते. लग्नकार्याला जागा नव्हती. एवढ्यात भिंतीलगत बसलेली एक वृद्धा उभी राहिली. लाल लुगडे नेसलेली, हातावर अजून भाजीच्या जुड्या बांधल्याचा चीक. तिने आपल्या कादोडी बोलीत विचारले, “खड्डा बुजवाल, पण पावसाचे पाणी काय तुमची परवानगी विचारून दुसरीकडे जाणार आहे?” सभा हसली. ती हसली नाही. ती पुन्हा म्हणाली, “मी हसवायला उभी नाही राहिले. माझे घर खाली आहे.” आणि बसली. घाटावरून नोकरीसाठी आलेल्या ग्रामसेवकाला ती बोली कळेना. शेजारच्याने अर्थ सांगितला, तेव्हा त्याने वहीत काहीतरी लिहून घेतले. जूनमध्ये माझी बदली झाली आणि तो विषय माझ्या मनातून मागे पडला.

त्यानंतर २०१८ चा जुलै आला. त्या पावसाने वसई-विरारची काय दशा केली, हे आपण सर्वांनी भोगले आहे. रेल्वे बंद पडली, मिठागरातील वस्तीला पाण्याने वेढले, कित्येक घरांत दिवस-दिवस वीज नव्हती. अन्नाची पाकिटे घेऊन आम्ही काही जण त्या जुन्या धर्मग्रामात गेलो. सभागृह जोत्यावर उंच, कोरडे उभे होते आणि त्याच्या मागच्या आळीत मांडीभर पाणी. वृद्धा केव्हाच देवाघरी गेली होती. तिच्या घराच्या भिंतीवर चिखलाची रेघ खिडकीपर्यंत पोचली होती.

गावातील एका तरुणाला मी त्या सभेची हकिगत सांगितली. ग्रामपंचायतीचे जुने दफ्तर तोवर महापालिकेकडे गेले होते. त्याने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि काही महिन्यांनी त्या इतिवृत्ताची प्रत मला आणून दाखविली. तीत ग्रामसेवकाच्या टापटीप अक्षरात लिहिले होते की, पर्जन्यकाळात पाण्याचा निचरा कसा होणार, अशी पृच्छा एका महिला ग्रामस्थाने केली. सदर सूचनेची नोंद घेण्यात आली. विषय सर्वानुमते मंजूर.

मी ती ओळ पुनःपुन्हा वाचली. ग्रामसेवकाने अन्याय केला असे म्हणवत नाही. त्याने तिचे म्हणणे वहीत उतरविले, नाहीतर ते वाऱ्यावरच गेले असते. पण ‘सर्वानुमते’ हा शब्द खरा नव्हता. एक मत विरुद्ध होते आणि ते उभे राहून सांगितले गेले होते. आता विचारावेसे वाटते की, हा शब्द दुरुस्त करायची जागा कोणती होती? न्यायालय नव्हे, मोर्चा नव्हे, वर्तमानपत्र नव्हे. ती जागा होती पुढील सभेचा विषय क्रमांक १. त्या वेळी कुणीही ग्रामस्थ उठून म्हणू शकला असता की, “इतिवृत्तात दुरुस्ती करावी. ठराव बहुमताने झाला, सर्वानुमते नव्हे.” दोन वाक्यांचे काम. पण मग विषय पुन्हा चर्चेला आला असता, कुणी पाण्याचा उतार पाहायला गेले असते, सभागृह कदाचित दहा पावले सरकले असते.

त्या तरुणाने पुढील सभेच्या इतिवृत्ताची प्रतही आणली होती. ती सभा १५ ऑगस्टची. आपल्यासाठी तो स्वातंत्र्यदिन, तसाच मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. मंडळी मिस्साला, मग झेंडावंदनाला, मग घरी पाहुण्यांना. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली. तहकूब सभेला सतरा सह्या होत्या. त्यांत त्या वृद्धेचा अंगठा नव्हता. तिला कुणी कळविले नसेल, किंवा ती भाजी घेऊन बाजाराला गेली असेल. इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.

या घटनेकडे मी आपल्या वसईच्या मोठ्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर पाहतो. आपण झोपी गेलेला समाज नाही. १९८९ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा वाड्या, विहिरी आणि झाडे यांसाठी हजारो माणसे रस्त्यावर आली. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, तेव्हाही आपली गावे उठली. ग्रामसभा हिरावून घेतली जाऊ नये म्हणून मोर्चे निघाले, उपोषणे झाली. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळले आणि २०२४ मध्ये शासनाने तो निर्णयच मागे घेतला. दरम्यान जून २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली; त्यानंतरची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षे प्रशासकच ठराव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. ज्या सभेत दुसरे कुणीच नाही, तेथे मागील सभेचे इतिवृत्त कुणापुढे वाचायचे?

त्या आंदोलनांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक प्रश्न आपण एकमेकांना प्रेमाने विचारलाच पाहिजे. ग्रामसभेसाठी मोर्चात चाललेल्या पावलांपैकी किती पावले ग्रामसभा जिवंत असताना तिच्या पायरीपर्यंत गेली होती? मोर्चा हा सणासारखा असतो. त्यात सोबत असते, घोषणा असते, अंगात बळ संचारते. सभा ही रोजच्या भाकरीसारखी असते. सणाला सगळे जेवतात. पण माणूस जगतो तो भाकरीवर. बावखल कुणी बुलडोझर घेऊन रातोरात बुजविले नव्हते. ते रीतसर नोटीस काढून, सभा घेऊन, ठराव करून बुजविले गेले.

ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या दिवसांची आठवण येथे होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या श्रद्धावंतांतील कुरकुरीची जी हकिगत आहे, ती धर्मसिद्धान्तावरून झालेली नाही. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांची आबाळ होते, अशी ती तक्रार होती. प्रेषितांनी ती क्षुल्लक मानून ‘नोंद घेतली’ असे म्हटले नाही. त्यांनी सगळ्या समुदायाला बोलाविले आणि त्या कामासाठी सात चांगली माणसे निवडायला सांगितली. त्या सातांत स्तेफन होता. ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी हा असा वाटपाच्या व्यवस्थेसाठी निवडलेला कार्यकर्ता होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

काही जण म्हणतील, “फादर, आता ग्रामसभाच उरली नाही, मग हे सांगून काय उपयोग?” उपयोग आहे. महापालिकेची सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. शहरांतील मतदारांसाठी क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ सालीच झाली. ती बहुतांशी कागदावर राहिली, कारण ती मागणारे फारसे कुणी पुढे आले नाही. आणि सभा काय फक्त सरकारच्याच असतात? १९१८ साली स्थापन झालेली आपली बॅसीन कॅथॉलिक बँक, गावोगावच्या सोसायट्या, सदनिकांच्या गृहनिर्माण संस्था, शाळांचे पालक संघ, आणि हो, आपल्या धर्मग्रामाची पॅरिश कौन्सिल व अर्थसमिती, या सर्वांच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच असतो. माझ्या धर्मग्रामात कौन्सिलचे इतिवृत्त मी तरुण सदस्याला वाचायला सांगतो आणि त्यानंतर थोडा वेळ कुणालाही ‘कायम’ म्हणू देत नाही. पहिल्यांदा लोक अवघडले. आता कुणीतरी हमखास विचारते, “मागच्या वेळी दफनभूमीच्या नळाचे ठरले होते, त्याचे काय झाले?” नळ लागला आहे. हे मोठे यश नव्हे. पण विचारणारा माणूस तयार झाला, तो उद्या प्रभागाच्या बैठकीतही विचारील.

आपल्या घरांतील मुले आज शिकली आहेत. इंग्रजी पत्रे लिहितात, परदेशी कंपन्यांच्या बैठकांना बसतात, तेथे कार्यवृत्त काटेकोरपणे तपासतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने वर्षातून दोन-तीन संध्याकाळी आपल्या प्रभागासाठी, सोसायटीसाठी वा धर्मग्रामासाठी अशा नीरस सभेत बसायचे ठरविले, तर पुष्कळ काही वाचेल. बरोबर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना न्यावे. पाणी कुठून कुठे वाहते, हे त्यांना नकाशाशिवाय ठाऊक असते. त्यांचे बोलणे बोलीत असेल, तर ते इतिवृत्तात नीट उतरते की नाही, हे शेजारी बसून पाहावे.

आणखी एक सूचना करतो. विषयपत्रिकेचा शेवटचा विषयही ठरलेला असतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.’ तोवर उशीर झालेला असतो, खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. ज्याला चर्चा नको आहे, तो नेमका त्या घडीची वाट पाहतो. म्हणून पहिल्या विषयाला हजर राहावे आणि शेवटचा विषय संपल्याखेरीज उठू नये.